नागाच्या विषावर प्रोजेक्ट करायचाय? आधी रुईपाशी या

दरवर्षी जुलैत प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आली की तिसऱ्या वर्षाचा कुणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहतो. "मॅडम, मला नागाच्या विषावर करायचंय." मी विचारते, नाग कुठून आणणार? "ओळखीचे एक सर्पमित्र आहेत." त्याला खुर्ची देते, पाणी देते आणि सरळ सांगते की १९७२चा वन्यजीव कायदा तुझ्या सर्पमित्रालाही लागू आहे आणि मलाही. चेहरा पडतो. मग मी म्हणते, उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर ये, विष दाखवते.

मी ठाण्यात प्राणिशास्त्र शिकवते, राहते नेरुळला. काही प्राणी विषाला दाद का देत नाहीत आणि हे त्यांच्या अंगी कसं आलं, या विषयात माझी बावीस वर्षं गेली. माझ्याकडे भांडवल म्हणाल तर एक म्हातारा मायक्रोस्कोप, खाली बर्फ धरणारा फ्रीज आणि कॉलेजचं वायफाय, तेही लायब्ररीच्या कोपऱ्यातच धड चालतं. एवढ्यात जे करता येतं आणि मी मुलांकडून दरवर्षी करून घेते, ते इथे लिहिते. बारावीच्या मुलालाही जमेल. आईवडिलांना हाताशी धरलं तर आठवीच्यालाही.

सुरुवात रुईपासून. ट्रान्स-हार्बरनं येताना ऐरोली, रबाळे, घणसोली असा रुळांच्या कडेनं जो राखाडी-हिरवा, जाड पानांचा पसारा दिसतो, तीच ती. शनिवारी मारुतीच्या गळ्यात असते, एरवी तिच्याकडे कुणी बघत नाही. शेळीसुद्धा शक्यतो तोंड लावत नाही, कारण तिच्या चिकात कॅलोट्रोपिनसारखी हृदयावर काम करणारी विषं असतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. एका फेरीत तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हृदयाचा ठोका, नसांतले संदेश, सगळं याच्यावर चालतं. रुईचं विष या पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी जाऊन बसतं आणि पंप अडतो. कण्हेरीचं विषही तिथेच बसतं, बिट्टीचंही. माझे वडील डिजॉक्सिनची गोळी घ्यायचे, आठवड्यातले पाच दिवस, डॉक्टरांनी कॅलेंडरवर खुणा करून दिल्या होत्या. तेही त्याच कुळातलं, मात्रा तेवढी मोजकी. हा पंप आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

आता जागा निवडायची. येऊरचं जंगल नको. ते राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून पानसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही. रुळांत तर मुळीच उतरायचं नाही, हे दरवर्षी सांगावं लागतं म्हणून इथेही लिहिते. सोसायटीमागचा मोकळा प्लॉट, खारघरच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याची कड, पारसिकच्या पायथ्याचा उतार अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. पाच झुडपं निवडा आणि त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर घाणेरीची पाच. घाणेरी तुलनेसाठी. ती नसली तर परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतो, "रुईवर कमी किडे दिसले म्हणता, पण कशाच्या मानानं कमी?" आणि पोरगं माझ्याकडे बघतं.

हात लावण्याआधी एक गोष्ट. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं पान तोडलं, घाम आला म्हणून मनगटानं डोळा पुसला. काही झालं नाही असं वाटलं, कारण सुरुवातीला फारसं दुखत नाही, आणि तिथेच फसायला होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर दिव्याभोवती धुकं दिसायला लागलं. बुबुळाला सूज आली होती. वेळेवर उपचार झाले, डोळा वाचला, पण त्या आठवड्यात मला झोप नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा: साधा प्लास्टिकचा गॉगल, हातमोजे, पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक फक्त धुण्यासाठी. चीक डोळ्यात गेलाच तर तिथेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. दुखत नाही म्हणून घरी जायचं नाही. आणखी एक, पान तोडून कशाचीही चव बघायची नाही. हसू नका, एकानं बघितली होती.

मग बसायचं. चालत चालत रुई दिसत नाही. एका झुडपाला वीस मिनिटं द्या. पानाची खालची बाजू आधी बघा. पिवळाधमक, काळ्या पायांचा मावा कोवळ्या शेंड्याला लगडलेला असतो. पिवळ्या-निळ्या रंगाचा नाकतोडा बसलेला दिसेल, इतका भडक की मुलांना तो प्लास्टिकचा वाटतो. त्याच्या पिल्लाला चिमटीत धरलं तर ते पिचकारी मारतं, म्हणून तर गॉगल. आणि नशीब असेल तर ती अळी दिसेल: पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची, मध्ये पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. ही प्लेन टायगर फुलपाखराची.

ही अळी खाताना बघायची, नुसती मोजून पुढे जायचं नाही. मोठी अळी पानावर आली की लगेच खायला लागत नाही. आधी देठाकडे किंवा मधल्या शिरेकडे जाते आणि तिथे कुरतडते. पांढरा चीक टपकन बाहेर येतो. ती तोंड बाजूला घेते, पुसल्यासारखं करते, पुन्हा कुरतडते. थोड्या वेळानं पान मान टाकतं. आता शिरेतला दाब गेलेला असतो, पुढे चीक पोचत नाही. मग ती चिरेच्या पलीकडे सरकते आणि कडेनं निवांत खात सुटते. लहान अळ्या पानावर गोल चर खणतात आणि त्या गोलाच्या आतलंच खातात. चीक विषारी तर आहेच, शिवाय तो डिंकासारखा चिकटतो आणि बारक्या अळीचं तोंडच बंद करू शकतो. म्हणजे विषाला तोंड द्यायचा अळीचा पहिला उपाय रेणूबिणूंचा नाही, तो सवयीचा आहे. हे वहीत लिहा. बहुतेक मुलं थेट जनुकांवर उडी मारतात आणि डोळ्यासमोरचं लिहायचं राहून जातं.

वही साधी असू दे. तारीख, वेळ, ऊन की ढग, झुडपाचा क्रमांक, कोण दिसलं, किती, काय करत होतं. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. आठ आठवडे, आठवड्याला एकदा. पावसाची झड ओसरल्यावर सुरू करा, तेव्हा अळ्या भरपूर असतात. उडती फुलपाखरं मोजणार असाल तर एक गफलत टाळा. डॅनेड एगफ्लायची मादी प्लेन टायगरचं हुबेहूब सोंग घेते, पण तिची अळी रुई खात नाही, तिला घोळ लागते. मागच्या पंखावर तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर, एकच असेल तर ही नक्कल. मीसुद्धा पहिल्या वर्षी तिला अस्सल समजून मोजलं होतं.

अळी पाळायची असेल तर एकच पाळा. झाकणाऐवजी मलमलीचं कापड लावलेला डबा, खाली टिपकागद, रोज ताजं पान आणि रोज लेंड्या साफ. लेंड्या साठल्या की बुरशी येते आणि अळी काळी पडून मरते. साधारण दोन आठवड्यांत ती डब्याच्या छताला उलटी टांगून कोष करते. फुलपाखरू निघालं की जिथून आणलं तिथेच सोडायचं.

इथवर झाडापाशी. आता लायब्ररीच्या कोपऱ्यात, कारण प्रश्न उरतोच: चीक गळून गेला तरी पानात विष राहतंच, अळी ते खाते, अंगात साठवते, आणि तिच्या पेशींतही तोच पंप आहे. मग तो अडत का नाही?

याची पहिली झलक बघायला अळी नको, उंदीर घ्या. उंदराला या कुळातलं विष सहज बाधत नाही, त्याचा पंप माणसाच्या पंपापेक्षा सुमारे हजारपट दाद देत नाही. युनिप्रॉट ही प्रथिनांची माहिती ठेवणारी वेबसाइट उघडा (पंपही एक प्रथिनच), फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. शोधात पी०५०२३ टाका, हा माणसाचा पंप. मग पी०६६८५, हा उंदराचा. दोन्हींपुढच्या चौकटीत खूण करा आणि 'अलाइन' दाबा. दोन्ही प्रथिनं १०२३ अमिनो आम्लांची, प्रत्येक आम्लाला एक इंग्रजी अक्षर, अशी एकाखाली एक मांडून येतात. अक्षरांच्या जंगलात घाबरायचं नाही. एल-वाय-एल-जी ही चार अक्षरं सलग कुठे आहेत ते सुरुवातीच्या भागात शोधा. त्यांच्या आधीची बारा अक्षरं कागदावर उतरवा. माणसाची अशी येतील: क्यू-ए-ए-टी-ई-ई-ई-पी-क्यू-एन-डी-एन. उंदराची अशी: आर-एस-ए-टी-ई-ई-ई-पी-पी-एन-डी-डी.

आता दोन टोकं बघा. पहिलं अक्षर क्यूचं आर झालंय, शेवटचं एनचं डी. विष जिथे येऊन बसतं त्या खाचेच्या तोंडाशी ही दोन अमिनो आम्लं आहेत. साध्या जागी विद्युतभार असलेली आली आणि विषाची बैठक मोडली. १९८८ मध्ये मेंढीच्या पंपात नेमके हेच दोन बदल प्रयोगशाळेत करून बघितले गेले, आणि मेंढीचा पंप उंदरासारखा वागायला लागला. मी हा धडा शिकवताना कागदाची पट्टीच वर्गात फिरवते. हजारावर अक्षरांत दोन टोकं बदलली तर केवढा फरक पडतो, ते पट्टी हातात धरल्यावर जसं उमगतं तसं फळ्यावर लिहून उमगत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला क्रमांकांचा. शोधनिबंधात या जागांना १११ आणि १२२ म्हणतात, पण तुमच्या पडद्यावर त्या ११८ आणि १२९ दिसतील. क्रमांक मेंढीच्या प्रथिनावरून पडले आणि तेच रूढ झाले, म्हणून सातचा फरक. चुकलं तुमचं नाही. दुसरा खड्डा जास्त खोल. सस्तन प्राण्यांत या पंपाच्या मुख्य भागाची चार रूपं असतात, अल्फा-१ ते अल्फा-४. उंदराचं अल्फा-१ तेवढं विषाला दाद देत नाही, अल्फा-२ आणि अल्फा-३ देतात. मागे एका मुलानं उंदराचं अल्फा-३ उतरवून घेतलं, फरक सापडेना, आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री अकराला फोन: "मॅडम, उत्क्रांती झालीच नाहीये." नाव वाच, म्हटलं. नावात शेवटी तीन होता.

मग मोनार्क फुलपाखराकडे वळा. ते आपल्याकडचं नाही, पण आपल्या प्लेन टायगरचं जवळचं भावंड आणि त्याच्यावर काम भरपूर झालंय. त्याच पट्टीत त्याच्याकडे १११ला व्ही आणि १२२ला एच सापडतं. २०१२ मध्ये हे प्रकर्षानं पुढे आलं की अशीच विषारी झाडं खाणाऱ्या, एकमेकांशी दूरदूरचं नातं नसलेल्या किड्यांत, म्हणजे फुलपाखरांत, भुंगेऱ्यांत, ढेकणाच्या जातकुळीतल्या किड्यांत, १२२व्या जागी तोच बदल स्वतंत्रपणे झालाय. वेगवेगळ्या गावचे लोक एकाच पायवाटेनं खिंड ओलांडतात, तसं काहीसं. खिंडीत दुसरी वाटच फारशी नाही.

आणि या वाटेला टोल आहे. २०१९ मध्ये फळमाशीच्या जनुकात मोनार्कचे बदल एकेक करून घातले. १२२चा बदल एकटाच घातला तर माशीला विष कमी बाधतं, पण डबीला टिचकी मारली की ती झटका आल्यासारखी पडून राहते. मज्जासंस्था बिघडते. ११९व्या जागचा एक साधासा बदल सोबत असला तर हा त्रास कमी होतो. म्हणजे क्रमालाही अर्थ आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, अहवालात "प्रतिकार कुठे" यावर एक पान असेल तर "त्याची किंमत काय" यावर दोन हवीत. कुठलाही प्राणी विषाला दाद देत नाही असं वाचलं की पहिला प्रश्न हाच: मग सगळेच तसे का नाहीत?

घाईनं नियम करू नका, यासाठी सोसायटीच्या कुंपणावरची कण्हेर बघा. तिच्यावर कॉमन क्रो फुलपाखराची अळी असते, कोष इतका चकचकीत चंदेरी की मुली कानातलं करावं म्हणतात. ही अळी कण्हेर आरामात खाते आणि तिच्या पंपात तो बदल नाही! ती विष मोनार्कसारखं अंगात साठवत नाही. नुसतं खाऊन निभावायला एक लागतं आणि साठवून मिरवायला दुसरं. बिट्टीची फळं कोकीळ खाते, तीही माणसाला घातक असतात. कोकिळेवर प्रोजेक्ट करा असं मात्र मी म्हणणार नाही, ती मान वर करून दिवस घालवायला लावते.

एवढं झाल्यावरही ज्याला नागच हवा, त्याला मी मुंगूस देते, तोही पडद्यावर. मुंगूस कुठलीशी मुळी खाऊन विष उतरवतं, ही गोष्ट मला आजीनं सांगितली होती. तुम्हालाही कुणीतरी सांगितली असेल. खरी गोष्ट १९९२ मध्ये उलगडली. नागाच्या विषातला एक मुख्य घटक स्नायूवरच्या ग्राहीवर, म्हणजे नसेचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतो, नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही, श्वास थांबतो. मुंगसाच्या ग्राहीत नेमक्या त्या भागात बदल आहेत आणि तिथे साखरेच्या रेणूंची एक साखळी आडवी येते, त्यामुळे विष टेकतच नाही. नागाच्या स्वतःच्या ग्राहीतही अशीच साखळी आहे. डुकराच्या ग्राहीत साखळी नाही, तिथे धनभार असलेलं अमिनो आम्ल आलंय, ते विषाला ढकलतं. मुंगूस अगदीच अभेद्य असतं असं नाही. विषात इतरही घटक असतात, आणि ते मुख्यतः चपळाईवर जिंकतं. तरी तुलना करायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही: माणूस, मुंगूस, नाग, डुक्कर अशा चार ओळी एकाखाली एक.

घोरपडीचंही सांगते, कारण तानाजीच्या गोष्टीमुळे तिच्याबद्दल आपल्याला उगाच आपलेपणा वाटतो. भेकाच्या कातडीत पंप अडवणारं विष असतं, तेच कुळ. आशियातल्या घोरपडींचा पंप त्याला दाद देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या चुलत बहिणींचा देतो. तिथे भेक नव्हतेच, तेव्हा ही क्षमता उरली नाही. १९३५ मध्ये उसातल्या किडीसाठी तिथे केन टोड जातीचे भेक नेऊन सोडले आणि घोरपडी ते खाऊन मरायला लागल्या.

शेवटी अहवालातल्या भाषेबद्दल, कारण गुण तिथे जातात. "अळीने विषापासून वाचण्यासाठी स्वतःत बदल केला" हे वाक्य मी लाल पेनानं खोडते. तिनं काही केलेलं नाही. कुणात तरी तो बदल आधी योगायोगानं होता, ज्यांच्यात होता ते जास्त उरले. पटत नसेल तर उंदरांच्या औषधाचं उदाहरण घ्या. वॉरफरिन रक्त गोठू देत नाही. ते वापरात आल्यावर फार वर्षं गेली नाहीत, १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये त्याला न जुमानणारे उंदीर नोंदले गेले. जबाबदार जनुक २००४ मध्ये सापडलं. वॉरफरिननं कुणाला बदलायला शिकवलं नाही, नुसती चाळण लावली. आमच्या सोसायटीत उंदीर मारायचा केक ठेवणारा माणूस दर काही महिन्यांनी औषध बदलतो आणि म्हणतो, "मॅडम, सवय होते त्यांना." मी जिन्यात उभी राहून त्याला 'सवय' आणि 'निवड' यांतला फरक सांगते. तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी तेच म्हणतो.

वेळापत्रक असं ठेवा: आठ आठवडे झाडापाशी, दोन आठवडे संगणकावर, दोन लिहायला. मोजणीचा वार एकच धरा, आणि तो शनिवार नको. शनिवारी पहाटे माळा करणारे येऊन रुईची चांगली रुंद पानं खुडून नेतात, त्यांच्याबरोबर अंडीही जातात. एका मुलीच्या तक्त्यात दर शनिवारी अळ्या निम्म्यावर यायच्या आणि आम्ही दोघी महिनाभर हवामानाला दोष देत बसलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी मोजा.